चूल नसलेली खोली

आमच्या नातेवाइकांची अशी ठाम समजूत आहे की मी नोकरीभर लोकांना घरं वाटली. लग्नकार्यात पंगतीतून हात धुवून आले की कुणीतरी मामेसासूबाई मला कोपऱ्यात घेतात आणि हळूच म्हणतात, "आमच्या राजूसाठी दादरला एखादं बघ ना गं, छोटंसं चालेल." दादरला छोटंसं! मी हसून वेळ मारून नेते. खरं सांगायचं तर मी आजवर कुणाला एक खिडकीसुद्धा दिलेली नाही. मी घरं बांधली नाहीत, वाटली नाहीत, त्यांच्या फिती कापल्या नाहीत. घरासाठी पैसा कुठून येईल आणि तो कोणत्या अटीवर मिळेल, एवढं मी कागदावर मांडत असे. आमच्या कार्यालयात ह्याला 'निधी नियोजन' म्हणत. घरी माझे यजमान ह्याला 'दुसऱ्याच्या खिशात हात घालायची सरकारी नोकरी' म्हणत.

काम काय असतं ते एकदा सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. परळ-लालबाग-गिरगावातली जुनी चाळ मोडकळीला येते. प्लॉट मोठा असेल तर बिल्डर धावत येतात. प्लॉट चिंचोळा आणि भाडेकरू भरपूर असले की कुणी फिरकत नाही, कारण विकायला वर काही उरत नाही. मग रहिवासी स्वतः सोसायटी करून बांधायला निघतात. त्यांना थोडं कर्ज मिळतं, थोडे त्यांचे स्वतःचे असतात, आणि तरीही खड्डा राहतो. तो खड्डा सार्वजनिक पैशातून भरायचा. लग्नाआधी दोन्हीकडची माणसं बसून मांडव कुणाचा, जेवण कुणाचं, वाजंत्री कुणाची हे ठरवतात ना, तशी बैठक मला राज्याचं खातं, पालिका, बँक आणि रहिवासी ह्यांच्यात लावायची असे. फरक एवढाच की इथे प्रत्येकजण वाजंत्रीचे पैसे द्यायला तयार असतो.

आणि हे सगळं एकतीस मार्चच्या आत. मंजूर झालेला पैसा त्या तारखेच्या आत मार्गी लागला नाही तर तो परत जातो, आणि पुढल्या वर्षी पुन्हा पहिल्या टेबलापासून सुरुवात. मी बाळंतपणाच्या रजेवरून सुद्धा मार्चमध्ये परत आले होते, आणि त्याचा मला तेव्हा अभिमान वाटला होता. आता वाटत नाही.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. लालबागच्या एका आजोबांनी सगळा प्रस्ताव दोन महिने अडवून धरला होता, कारण नव्या नकाशात त्यांच्या देवघराच्या बरोब्बर डोक्यावर वरच्यांचा संडास येत होता. आर्किटेक्टने भिंती फिरवून पाहिल्या, पण संडास काही हटेना. शेवटी सोसायटीच्या समितीने त्यांना सगळ्यात वरच्या मजल्यावरचं घर अदलाबदल करून दिलं. त्यांच्या डोक्यावर आता फक्त पाण्याची टाकी होती. "टाकीला हरकत नाही," आजोबा म्हणाले, "गंगाच आहे ती." आणि वरळी कोळीवाड्यातल्या एक बाई माझ्यापुढे पसरलेल्या नकाशावर हात फिरवत म्हणाल्या होत्या, "सगला बरा हाय, पण सुकट खंय घालाची?" मी नकाशात बेडरूम दाखवली, बाल्कनी दाखवली. त्या दोन्हींत सुकी मासळी वाळायची नव्हती. लोक एखाद्या जागेत करतात काय, हे आधी विचारावं, एवढं मला त्या बाईंनी शिकवलं. मी शिकले असं मला वाटत होतं.

आता माझ्या रकान्याबद्दल सांगते. सर्वेक्षणात सगळ्यात मोठं भांडण असतं ते घरं मोजण्यावरून. दहा बाय बाराच्या खोलीत मधे प्लायवूड ठोकून लोक दोन घरं दाखवतात. दोष देत नाही, मीही तेच केलं असतं. पण सार्वजनिक पैसा मोजून आणावा लागतो, म्हणून मी नोकरीच्या मधल्या काळात एक साधी युक्ती काढली. अर्जात एक रकाना वाढवला: 'चूल/गॅस आहे का?' एक चूल, एक घर. प्लायवूड रातोरात उभं करता येतं, पण भिंतीवरची फोडणीची काजळी रातोरात आणता येत नाही. युक्ती चालली. खोट्या खोल्या गळल्या, भांडणं कमी झाली, वरच्या साहेबांनी पाठ थोपटली आणि शेजारच्या विभागांनी माझा रकाना जसाच्या तसा उचलला. मी मूळची गिरगावची. आमच्या चाळीत प्रत्येक दाराआड एक संसार होता आणि प्रत्येक संसारात एक शेगडी. चूल नाही असं घर मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

निवृत्तीला दोन वर्षं राहिली असताना परळची सावळाराम चाळ माझ्याकडे आली. तीन मजले, साठ-पासष्ट खोल्या, प्रत्येक मजल्याला लोखंडी टेकू. दोन बिल्डर येऊन तोंड फिरवून गेलेले. सोसायटीच्या सेक्रेटरी होत्या शुभदा कदम. एका शाळेच्या ऑफिसात नोकरी, बोलणं तुटक, हिशेबाला पक्की बाई. सगळी कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत क्रमाने लावून आणायची. अशी सेक्रेटरी मिळाली की आमच्यासारख्यांना सण वाटतो. सर्वेक्षणाला मी नेहमीसारखी स्वतः गेले, आणि ही चाळ तर मला नीट पार पाडायची होती.

दुसऱ्या मजल्याच्या टोकाला, संडासाच्या अलीकडे, सत्तावीस नंबरची खोली होती. दारावर कोकणातल्या कुठल्याशा गावाच्या ग्रामस्थ मंडळाची पाटी होती आणि भाडेपावतीही मंडळाच्याच नावावर. भर दुपार होती. आत भिंतीलगत पत्र्याच्या ट्रंका एकीवर एक रचलेल्या, वर वळकट्या, खिळ्यांना पिशव्या आणि शर्ट, एका फळीवर ग्रामदेवतेचा फोटो. एक माणूस पंख्याखाली गाढ झोपला होता. दारातल्या दुसऱ्याला मी विचारलं, "स्वयंपाक कुठे करता?" तो म्हणाला, "नाय हो, हय कोण करतलो? जेवण खानावळीत." गॅस नव्हता, काजळी नव्हती, बाईमाणूस नव्हतं. झोपलेला माणूस मला राखणदार वाटला. मी रकान्यात 'नाही' लिहिलं आणि शेरा मारला: 'मंडळाचे कार्यालय व सामान साठवण. बिगरनिवासी.' दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

आमच्या योजनेत बिगरनिवासी जागेला घर मिळत नसे, फक्त ठरावीक नुकसानभरपाई मिळे. यादी वर गेली, निधी तत्त्वतः मंजूर झाला, चाळीच्या जिन्यापाशी यादी लागली. शुभदाताईंनी पेढे आणले. ते फेब्रुवारीचे दिवस होते.

त्याच आठवड्यात भिकाजी नाना माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. सत्तरीकडे झुकलेले, इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात छत्रीशिवाय काही नाही. पूर्वी गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर कॉटन ग्रीनच्या एका गोडाउनवर वॉचमन झाले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"मॅडम, यादीत आमची खोली गावना नाय."

मी यादी काढून दाखवली. "आहे की नाना. ही बघा, सत्तावीस नंबर. ऑफिस म्हणून. मंडळाला भरपाई मिळेल."

"ऑफिस?" ते म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही. "मॅडम, मी थंय बेचाळीस वर्सां झोपतंय."

मी काहीतरी नियम सांगितला असणार. नाना शांतपणे ऐकून घेत होते. मग म्हणाले, "तुम्ही दुपारी इल्लास. दुपारी सगळे कामार असतत. एकदा सांजवेळी येवा."

मी गेले. खरं सांगते, चूक शोधायला नाही गेले, त्यांची समजूत काढायला गेले. साडेसातची वेळ होती आणि त्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. हॉस्पिटलातले वॉर्डबॉय, कुरिअरवाले, हॉटेलातले वाढपी, एक बँकेचा शिपाई, सगळी एकाच गावची माणसं. ट्रंका खाली उतरल्या होत्या, प्रत्येकाची पथारी ठरलेली. रात्रपाळीवाला उठून निघाला की त्याच्या जागी दिवसपाळीवाला आडवा होतो. गिरण्या होत्या तेव्हा तीन पाळ्यांची तीन माणसं एकाच जागेवर आळीपाळीने झोपत, असं नानांनी सांगितलं. दरमहा चोवीसही जणांनी वर्गणी द्यायची, जेवायला समोरच्या खानावळीत मावशींकडे जायचं. खोलीत चूल लावायची नाही हा तर मंडळाचा पहिलाच नियम, कारण चूल आली की भांडण आलं.

खिडकीखाली एक म्हातारा पडून होता. नाकात नळी. त्याचा मुलगा उशाशी बसून त्याचे पाय चेपत होता. पुढच्या रस्त्यावरच्या मोठ्या हॉस्पिटलात त्याचे उपचार चालू होते. गावातून कुणीही आजारी माणूस परळला आला की त्याला खिडकीखालची जागा मिळते आणि त्याच्याकडून वर्गणी घेत नाहीत, हाही नियम.

"गावात ह्या खोलयेक मुंबयचा घर म्हणतत," नाना म्हणाले.

मला तिथे उभं राहवेना. एका रकान्याने मी चोवीस माणसांचं घर पुसलं होतं, आणि जिच्यासाठी पाठ थोपटून घेतली तीच युक्ती त्यांच्या मुळावर आली होती. जिना उतरताना मला रडू आलं, ते मी टेकूला धरून आवरलं. लाज वाटली म्हणून रडू आलं, दुसरं काही नाही.

चूक कळणं सोपं, फेब्रुवारीत ती दुरुस्त करणं कठीण. दुसऱ्या दिवशी साहेबांपुढे गेले. ते माणूस म्हणून वाईट नव्हते, फक्त मार्चमध्ये घाबरत. म्हणाले, "वैद्य मॅडम, यादीत एक अक्षर बदललं तरी फाइल परत पहिल्या टेबलावर जाते. मार्च निघून जाईल. पासष्ट घरांचा पैसा परत जाईल. एका खोलीपायी?" त्यात त्यांचं काही खोटं नव्हतं.

शुभदाताईंना कळल्यावर त्या शाळेतून थेट ऑफिसात आल्या. आज पिशवी नव्हती. "सॉरी मॅडम, पण हे बरोबर नाही. माझी मुलगी टेकूखाली अभ्यास करून दहावी झाली, आता बारावीला आहे. मागच्या पावसाळ्यात सज्जा पडला तेव्हा ती त्याच्याखालून दोन मिनिटांपूर्वी गेली होती. दोन मिनिटं! ती लोकं चांगली आहेत, मला माहितीये, पण त्यांची गावाला घरं आहेत. आमचं हेच आहे. तुमची मिस्टेक, आम्ही का लटकायचं?"

मी म्हटलं, "ताई, मी यादीला हात लावणार नाही. पण आज संध्याकाळी माझ्याबरोबर सत्तावीस नंबरमध्ये या."

"मी त्याच मजल्यावर राहते," त्या म्हणाल्या. "लग्न होऊन आल्यापासून. त्या दाराच्या आत कधी गेले नाही. बायका जात नाहीत."

"मीही गेले नव्हते. कालच गेले."

त्या आल्या. उंबऱ्याच्या आत दोन पावलं टाकून उभ्या राहिल्या. बराच वेळ त्या फळीवरच्या फोटोकडे बघत होत्या. परत गॅलरीत आल्यावर म्हणाल्या, "माझे सासरे पहिले अशाच खोलीत उतरले होते. दुसऱ्या गावची होती, डिलाइल रोडला. तिथे सात वर्षं राहिले, मग पैसे साठवून इकडे भाड्याने खोली घेतली, मग सासूबाईंना आणलं. नाहीतर आम्ही इकडे असतोच कशाला?" आणि मग एकदम कामाच्या आवाजात, "हॉलचं काय ते बघूया."

ती वाट मला सुचली नव्हती, ती शुभदाताईंना सुचली. नव्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर सोसायटीसाठी मोठा हॉल होता, बारशी, वाढदिवस, आरतीच्या मीटिंगा ह्यांसाठी. त्यातला अर्ध्याहून जास्त भाग रहिवाशांनी सोडला तर यादीला न शिवता तिथे राहायची जागा होऊ शकत होती. प्रश्न उरला तो ती जागा राहण्याजोगी करायच्या पैशाचा. इथे मात्र माझी नोकरी कामाला आली. स्थानिक लोकप्रतिनिधींना आपापल्या भागातल्या सार्वजनिक सोयींसाठी निधी मिळतो. बहुधा तो बाकड्यांवर जातो. त्या भागात तोवर इतकी बाकडी झाली होती की बसायला माणसं कमी पडत होती. मी पुरवणी प्रस्ताव लिहायला घेतला: 'कष्टकरी व रुग्णांसाठी सामूहिक निवास.' मंडळाने भरपाईवरचा हक्क सोडायचा, जागा कुणाच्या मालकीची होणार नाही, चालवायची मात्र मंडळाने.

शुभदाताईंनी रहिवाशांची सभा कशी जिंकली ते मला कळलं नाही. मी गेले नव्हते, सरकारी माणसाने अशा सभेला जाऊ नये. दुसऱ्या दिवशी पिशवी आली, आणि तिच्यात सह्यांचा ठराव होता. तीन घरांच्या सह्या नव्हत्या. "त्यांचा वाढदिवस हॉलमध्येच व्हायला पाहिजे," ताई म्हणाल्या. "करू दे, अर्ध्यात होईल."

साहेबांनी प्रस्ताव वाचला, चष्मा काढला आणि एकच विचारलं. "सार्वजनिक पैशातून फक्त पुरुषांची खोली? वैद्य मॅडम, बाई असून तुम्हाला हे खटकलं नाही?"

खटकलं नव्हतं. चोवीस माणसांच्या घाईत मला ते दिसलंच नव्हतं. साहेबांनी पेन्सिलने अट लिहिली: महिलांसाठी स्वतंत्र भाग असल्याशिवाय मंजुरी नाही. मार्च लागला होता.

मंडळाने रविवारी सकाळी त्याच खोलीत सभा लावली. साहेबांची अट सांगायला मला जावंच लागलं; मला दाराजवळ खुर्ची दिली होती, बाकी सगळे ट्रंकांवर आणि जमिनीवर. मी अट वाचून दाखवली आणि गोंधळ उठला. गावच्या पोरीबाळी मुंबईत एकट्या राहिल्या तर लोक काय म्हणतील, जबाबदारी कोण घेणार, रात्री-अपरात्री काय झालं तर? सगळ्यांत मागून एक तात्या ओरडले, "बायलमानसां हय रवली तर आमी कपडे खंय बदलूचे?" काहीजण हसले. मी समजावलं, मधे भिंत येईल, दार वेगळं, न्हाणीघर वेगळं. पण माना हलायला लागल्या होत्या, आणि त्या नकारार्थी होत्या. नको तर नको, भरपाई घेऊन मोकळे होऊया, असं दोघा-तिघांनी म्हटलंही. मला कळत होतं की खोली माझ्या डोळ्यांसमोर जात होती आणि ह्या वेळी माझ्या हातात काही नव्हतं.

तेव्हा नाना उठले. ते सभेचे अध्यक्ष होते, तोवर एक अक्षर बोलले नव्हते.

"माझी घरकारीण हयच्या हॉस्पिटलात ट्रीटमेंटीक इल्ली होती," ते म्हणाले. "जाणत्यांका म्हायत आसा. तेव्हा तिका मी ह्या खोलयेत घेतलंय नाय. नियम होतो. मंडळात नियम वाचून दाखवणारो मीच. अकरा रात्री ती हॉस्पिटलाच्या भायर फुटपाथार झोपली. धाकट्या भावाक तिच्या सोबतीक ठेवलंय. मी हय, पंख्याखाली. सकाळी पाळी होती माझी."

नानांनी वरच्या पंख्याकडे एकदा पाहिलं.

"ती कधी काय बोलाक नाय माका. मरासर बोलाक नाय." नाना खाली बसले. "आता कोणाक काय बोलूचा आसात तर बोला."

तात्यांनीच पहिला हात वर केला. ठराव एकमताने झाला. मला वाटतं, त्या खोलीतल्या निम्म्या माणसांना आपापली कुणीतरी आठवली असावी. मीही खुर्चीत मान खाली घालून बसले होते.

पुरवणी प्रस्तावासोबत मी एक स्वतंत्र टिपण जोडलं: सर्वेक्षणातील चूक माझी आहे, चुलीच्या निकषामुळे सामूहिक निवासाच्या खोल्या वगळल्या जातात, हा रकाना बदलावा. साहेब म्हणाले, "दीड वर्षावर पेन्शन आलंय, हे कागदावर कशाला आणता?" मी म्हटलं, कागदावर मीच आणलं होतं, कागदावरच निस्तरते. त्यांनी सही केली. एकतीसच्या चार दिवस आधी दोन्ही मंजुऱ्या झाल्या. टिपणावर मला समज देणारं एक पत्र आलं. ते मी जपून ठेवलंय, पाठ थोपटल्याचं पत्र मात्र कुठेतरी हरवलं.

चाळ पाडली तेव्हा रहिवासी भाड्याच्या घरात गेले. सत्तावीस नंबरच्या माणसांना नायगावातल्या एका दुसऱ्या गावच्या खोलीने आसरा दिला. आधीच भरलेल्या खोलीत अजून चोवीस माणसं! पुन्हा पाळ्या लागल्या, एका पथारीवर दोघे. ना ओळख ना पाळख, पण त्यांनी ना काही विचारलं ना भाडं मागितलं. कोणत्याही प्रस्तावात ही मदत नव्हती. बांधकाम सालाबादप्रमाणे रखडलं, सिमेंट महागलं, ठेकेदार दोनदा रुसला. मध्येच मी निवृत्त झाले. खिडकीखालचे आजोबा नवी जागा बघायला राहिले नाहीत.

एक गोष्ट मात्र माझ्या मनातून जात नाही. सावळाराम चाळीच्या आधी माझा रकाना बऱ्याच चाळींतून फिरला होता. लालबाग, करी रोड, शिवडी. तिथे किती दारांवर गावांच्या पाट्या होत्या, किती खोल्यांपुढे 'चूल नाही' लिहून मी पुढच्या दाराकडे वळले? मी निवृत्तीपूर्वी जुने अर्ज काढून बसले होते. शेऱ्यात 'मंडळाचे कार्यालय' असं माझ्याच वळणदार अक्षरात सापडत गेलं. त्या इमारती तोवर उभ्या राहून त्यांचा रंगसुद्धा जुना झाला होता. मी शोधायचं थांबवलं. रकाना आता बदलला आहे. अर्जात आता विचारतात, 'येथे रात्री कोण झोपते?' हा प्रश्न माझा नाही, माझ्यानंतर आलेल्या एका मुलीचा आहे, आणि तो माझ्या प्रश्नापेक्षा चांगला आहे हे मान्य करायला मला मुळीच जड जात नाही.

गेल्या वर्षी चाव्या मिळाल्या. उद्घाटनाला मी मुद्दाम गेले नाही, तिथे फीत कापणाऱ्यांचीच गर्दी असते. महिन्याभराने एका दुपारी गेले. शुभदाताईंनी दार उघडून मला आधी त्यांचं घर दाखवलं. मुलगी आता नर्सिंग शिकते, तिची वेगळी टेबल-खुर्ची, वेगळा दिवा. ताईंनी दिवा लावून दाखवला आणि बंद केला, दोनदा तेच. मग आम्ही पहिल्या मजल्यावर उतरलो.

नाना पॅसेजमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. खूप वाकलेत आता. पुरुषांच्या बाजूचं सगळं त्यांनी मला फिरून दाखवलं, नवे पंखे, नव्या कपाटांचे कप्पे. बायकांच्या दाराशी मात्र थांबले. "तुमी जावा. मी भायरच बरो," म्हणाले. मी विचारलं, "आत कोण आहे सध्या?" तर म्हणाले, दोघी नोकरीवाल्या आहेत, त्या कामावर गेल्यात, आणि एक गावच्या चव्हाट्याजवळच्या सावंतांची सून, ट्रीटमेंटला आलीय, परवा येऊन पडली.

मी आत गेले. डोक्याला रुमाल बांधलेली, तिशीतली एक बाई खिडकीपाशी गादीवर पाय पसरून बसली होती आणि गावी आईशी फोनवर बोलत होती. तिने मला हाताने बसायची खूण केली. पलीकडून आई काय विचारत होती ते मला ऐकू येत नव्हतं, पण मुंबईला गेलेल्या आजारी मुलीला कुठलीही आई विचारते तेच विचारत असणार: कोणाच्या दारात पडली आहेस, त्यांना जड तर होत नाहीस ना?

"नाय गे आये," ती म्हणाली. "कोणाकडे नाय. आपल्याच खोलयेत आसंय."